कापलेले सेकंद

आधीच सांगून टाकतो, या गोष्टीत रात्र नाही.

स्मशान नाही, पडका बंगला नाही, पांढरी साडी तर नाहीच नाही. जे घडलं ते भर दुपारी, सव्वाचार वाजता, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात घडलं. जागा, विद्यापीठाच्या इमारतीतली तिसऱ्या मजल्यावरची आमची प्रयोगशाळा. वार मंगळवार.

मी इंजिनियर माणूस. हीच गोष्ट मला दुसऱ्या कुणी सांगितली असती, तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं. पण त्या दुपारी माझ्याबरोबर तिथे आणखी दोघं होते. त्यांनीही सगळं बघितलंय. एक अक्षर वाढवून सांगत नाहीये. उलट, इतकी वर्षं कमी करूनच सांगत आलो. आज पूर्ण सांगतो.

मी तेव्हा पीएचडी करत होतो. ऑपरेशनमध्ये सर्जनच्या हाताखाली काम करेल असा यांत्रिक हात बनवायचा, हा आमचा विषय. आमच्या त्या हाताची मान लांब, चोच बारीक. चोचीत सुई धरायची. म्हणून आमचे तंत्रज्ञ काका त्याला 'बगळा' म्हणायचे. काकांनी एकदा नाव ठेवलं की ते चिकटायचंच. मला ते 'उंदीर' म्हणायचे, कारण मी कायम तारांमध्ये तोंड खुपसून बसलेला असायचो.

बगळ्याला टाके घालायला शिकवायचं होतं. त्यासाठी पाहिजे होता एक कसलेला हात.

तो हात मिळाला तो मोठ्या डॉक्टरांचा. निवृत्त सर्जन. वय बहात्तर. बोटं अशी की बघत राहावं. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी दोनला ते यायचे, स्टुलावर बसायचे आणि बगळ्याला तारांनी जोडलेल्या समोरच्या दोन मुठी हातात धरायचे. त्यांनी मूठ हलवली की बगळा तसाच हलायचा. समोर ट्रेमध्ये सिलिकॉनची नकली कातडी. तिच्यावर टाका, गाठ, टाका, गाठ. त्यांच्या हाताची प्रत्येक हालचाल कॉम्प्युटरमध्ये साठत जायची. पुढे त्यावरूनच बगळा स्वतः शिकणार होता.

ते स्टूल जुनं होतं. डॉक्टर जरा हलले की कुरकुरायचं. काका रोज तेल घालतो म्हणायचे. कधीच घातलं नाही.

काम संपलं की डॉक्टरांची एक सवय होती. ते बगळ्याची चोच ट्रेच्या बाहेर काढायचे आणि सुई माझ्यापुढे धरायचे. बोथट बाजू माझ्याकडे. आयुष्यभर नर्सच्या हातात तशीच दिलेली, त्यामुळे यंत्रातूनही तशीच. मग डोळे मिचकावून विचारायचे,

"थांबलो का रे कुठे?"

"नाही सर."

"बघ हं. सर्जनचा हात एकदा आत गेला की कामाशिवाय थांबायला नको."

हे आमचं रोजचं. मला ते आवडायचे, हे इथेच सांगून ठेवतो. माझ्या वडिलांशी मी जितकं बोललो नसेन, तितकं त्या तीन महिन्यांत डॉक्टरांशी बोललो.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच आहे.

यंत्राला माणसाच्या हालचालींवरून शिकवताना, माणूस जिथे जिथे थांबतो तो भाग कापून टाकतात. विचार करताना थांबला, शिंकला, घाम पुसला... काप. का, तर यंत्राला थांबणं शिकवलं की ते थांबूनच राहतं. पुन्हा सुरू कधी व्हायचं, ते त्याला कळत नाही. त्यामुळे हे कापणं म्हणजे काही लबाडी नव्हे, सगळेच कापतात. मीही रोज कापायचो. शेवटी सुई पुढे करायचे, तेसुद्धा कापायचो. पण त्यातल्या मधल्या थांबण्यांची मात्र आमचा प्रोग्रॅम एक वेगळी यादी ठेवायचा. कुठली फाइल, किती सेकंद कापले.

पहिला महिना यादी रिकामी होती.

मग एक आलं. दोन सेकंद.

मग आणखी एक. दोन.

तीन...

विचार करताना माणूस थांबला तरी त्याचा हात किंचित हलतच असतो. पडद्यावरच्या रेघेत ती बारीक थरथर दिसते. डॉक्टरांच्या या थांबण्यात ती नव्हती. रेघ एकदम सरळ. हात तिथेच, पण हाताचा मालक कुठेतरी गेलेला. दोन सेकंदांनी परत यायचा. स्टूल कुरकुरायचं. टाका पुढे सुरू.

त्यांना स्वतःला पत्ताच नसायचा.

मी एकदा वाचून बघितलं, की असं कशाने होतं. दोन पानं वाचली. तिसरं उघडलं नाही.

कारण काम सुरू करण्याआधी एका कागदावर आम्ही दोघांनी सह्या केल्या होत्या. त्यात एक ओळ होती. 'प्रयोगादरम्यान तब्येतीविषयी काही आढळल्यास सहभागी व्यक्तीला तत्काळ कळवले जाईल.' आणि पुढची ओळ अशी, की तसं झाल्यास त्या व्यक्तीचं सगळं काम रद्द. म्हणजे माझे तीन महिने रद्द. नवा सर्जन शोधा, नवी परवानगी काढा. माझी मुदत संपत आली होती. आमच्या गाइड मॅडम रोज विचारत होत्या, कधी संपतंय.

मी मनाशी म्हटलं, दोनच आठवडे. दोन आठवड्यांत हवं तेवढं गोळा होईल, मग स्वतः सांगतो. हवं तर दवाखान्यात घेऊन जातो.

आणि कापत राहिलो. चार सेकंद. पाच. सहा.

एका सोमवारी काम संपल्यावर डॉक्टर उठले नाहीत. सुई पुढे धरली, पण डोळे मिचकावले नाहीत.

"खरं सांग रे. मी मध्येच थांबतो का?"

"म्हणजे?"

"मुलगी म्हणते, जेवताना घास हातात धरून मी नुसता बसतो. हाक मारली तरी ऐकत नाही. मागे लागलीये, चला, मेंदूची तपासणी करू. तिचा स्वभावच काळजीचा, घरच्यांचं काय मनावर घ्यायचं! पण तुझ्याकडे तर माझा सेकंदासेकंदाचा हिशेब आहे. तू सांग. तू म्हणालास तर उद्या जातो."

उद्या जातो म्हणाले. हे शब्द मी आजतागायत विसरलेलो नाही.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. कापून, जोडून झालेली फाइल उघडली. सुंदर, सलग, एकही खंड नसलेली रेघ.

"हे बघा ना सर. कुठे थांबलाय?"

त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. मग खांदे सैल सोडले आणि हसले.

"आज मुलीची बोलती बंद करतो."

काका तिथेच पाना घेऊन उभे होते. म्हणाले, "डॉक्टर, तुमचा हात अजून तिशीतला आहे." डॉक्टर खूश. आम्ही तिघं हसत होतो. त्यातल्या एकालाच माहीत होतं.

त्यानंतर नवव्या दिवशी, बुधवारी, काम संपवून ते चार वाजता खाली उतरले. त्या दिवशी ते चार वेळा थांबले होते. मी लगेच कापायला बसलो. शेवटचं थांबणं अकरा सेकंदांचं होतं. यादीतलं एकेचाळिसावं.

कापत असताना खालून हॉर्न ऐकू आला. लांबलचक. थांबेचना.

मी उठलो आणि खिडकी लावून घेतली. आवाजाने लक्ष लागत नव्हतं.

पाच मिनिटांनी काका धावत वर आले.

गेटवरच्या वॉचमनने नंतर सांगितलं. डॉक्टर रस्ता ओलांडत होते. अर्ध्यात गेले आणि उभे राहिले. "मला वाटलं, काही विसरले असतील, परत फिरतील. मी दोनदा हाक मारली. मान पण वळवली नाही हो." ट्रकवाल्याने लांबून हॉर्न दिला, ब्रेक मारला. जमलं नाही. गेटवर कॅमेरा होता. त्यात ते एकोणीस सेकंद उभे दिसत होते.

मी कुणाला काही बोललो नाही. अंत्यविधीला गेलो, मागे उभा राहिलो. त्यांची मुलगी लांबून दिसली. मी नजर चुकवली.

सगळ्यांना अपघात वाटला. मी मूग गिळून गप्प बसलो.

सात महिने गेले. बगळा शिकला. डॉक्टरांसारखा टाका घालू लागला. हुबेहूब. मॅडम खूश होत्या. प्रबंध लिहायला घे म्हणाल्या.

आणि एका दुपारी...

काका म्हणाले, "उंदरा, बगळा अडला रे."

मी बघेपर्यंत तो पुन्हा चालू झाला होता. मी नोंदी तपासल्या. कुठेच अडल्याची खूण नाही. वेळ सलग.

"काका, काहीतरी भास झाला तुम्हाला."

"भास? मी डोळे उघडे ठेवून बघत होतो. दोन सेकंद गप्प झाला. मोटरचा घूं आवाजसुद्धा बंद."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः बघितलं. टाक्याच्या अर्ध्यात बगळा थांबला. थांबलेलं यंत्रसुद्धा आवाज करतं, हे लक्षात घ्या. मोटर हात धरून ठेवते, पंखा फिरतो. त्या दोन सेकंदांत काहीच नव्हतं. पंखासुद्धा नाही.

मग...

कुर्र.

मागे रिकामं स्टूल कुरकुरलं. आणि बगळा पुढे टाका घालू लागला.

काकांनी स्टुलाकडे बघितलं. मग माझ्याकडे. खिशातून तेलाची बाटली काढली आणि पहिल्यांदाच त्या स्टुलाला खरोखर तेल घातलं.

तरी कुरकुरत राहिलं.

काका जुन्या वळणाचे. यंत्राने खोडी केली की वहीत लिहायचे, स्टॉपवॉच लावून. आठवडाभराने त्यांनी वही माझ्यापुढे टाकली. "बघ बाबा तुझ्या नोंदी, आणि बघ माझ्या."

दोन. दोन. तीन. दोन. चार. तीन. तीन. पाच.

ओळखीचे आकडे होते.

मी संध्याकाळी सगळे गेल्यावर ती जुनी यादी उघडली. कापलेल्या सेकंदांची. बोट ठेवून एकेक ओळ जुळवत गेलो.

दोन. दोन. तीन. दोन. चार. तीन. तीन. पाच...

तोच क्रम. एक आकडा इकडचा तिकडे नाही. पाचावर धारण बसली म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

मी हे सेकंद बगळ्याला कधी दाखवलेच नव्हते. त्यासाठीच तर कापले होते.

मी काय काय केलं नाही! मोटर बदलली. सगळं पुसून पुन्हा शिकवलं. शेवटी शिकवलेलं सगळं काढूनच टाकलं. बगळ्याला फक्त एवढं सांगितलं, डावीकडून उजवीकडे जा, परत ये. लहान पोरालाही जमेल असं काम. डॉक्टरांचा हात त्यात औषधालाही नव्हता.

तेराव्या फेरीला...

थांबला. सहा सेकंद. यादीत पुढचा आकडा सहाच होता.

कुर्र.

मग मी प्रयत्न सोडले. काकांच्या वहीत आकडे वाढत गेले आणि मी मनात उलटं मोजत राहिलो. दहा उरले. पाच उरले. यादी संपली की हे संपेल, अशी आशा होती. सांगायला लाज वाटते, पण तेव्हाही माझ्या मनात डॉक्टर नव्हते. प्रबंध होता.

एका सोमवारी एकेचाळिसावं झालं. अकरा सेकंद. मी सुटकेचा निःश्वास टाकला. काकांना चहा पाजला.

मंगळवारी चार वाजता मॅडमचा फोन आला. "अरे, डॉक्टरांची मुलगी आलीये. बाबांचा हात एकदा बघायचाय म्हणते. मी मीटिंगमध्ये आहे, तू दाखव."

ती आत आली. चाळिशीची, बँकेत नोकरीला असेल अशी नीटनेटकी. तिने खोलीभर नजर फिरवली. स्टुलाजवळ थांबली, पण बसली नाही.

"इथे बसायचे?"

"हो ताई."

"घरी तुमचंच नाव असायचं. पोरगा हुशार आहे म्हणायचे."

मी बगळा सुरू केला. नवीन सुई, नवीन सिलिकॉन. शिकवलेलं सगळं परत घातलं होतं. पहिला टाका पडला. दुसरा. ताईंनी तोंडावर हात ठेवला.

"बाबाच," त्या पुटपुटल्या. "दोरा ओढताना असंच मनगट वळवायचे."

तिसऱ्या टाक्याला...

बगळा थांबला.

पंख्याचा आवाज गेला.

यादी तर संपली होती. एकेचाळीस झाले होते. हे कुठलं?

काकांनी सवयीने स्टॉपवॉच दाबलं. पाच सेकंद. आठ. अकरा. बारा. बारा तर कधीच नव्हतं. खालच्या रस्त्यावरच्या गाड्याही ऐकू येत नव्हत्या. खिडकी उघडी होती.

त्या शांततेत ताई हळूच बोलल्या. "अगदी असेच थांबायचे. घास हातात धरून. मी रोज पाठीस लागायचे, तपासून घ्या म्हणून. एक दिवस हसत आले आणि म्हणाले, प्रयोगशाळेत विचारलंय मी. त्या पोराकडे सगळे आकडे आहेत. त्याने स्क्रीनवर दाखवलं, मी कुठेच थांबत नाही. त्यानंतर मीच गप्प बसले हो. मला वाटलं, माझंच चुकतंय."

मी काकांच्या हातातल्या घड्याळाकडे बघत होतो.

सतरा. अठरा. एकोणीस.

खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. लांबलचक.

कुर्र...

बगळा हलला. पण टाका पुरा केला नाही. त्याने चोच ट्रेमधून वर उचलली. हळूहळू वळवली. ट्रेच्या बाहेर आणली आणि माझ्यापुढे धरली.

सुई. बोथट बाजू माझ्याकडे.

ही हालचाल बगळा शिकलेलाच नव्हता. ती मी रोज कापायचो.

काका दोन पावलं मागे सरले. "बंद कर रे," ते म्हणाले. "बंद कर." लाल बटण माझ्या हाताशी होतं. मी दाबलं नाही.

कुणी काही विचारलं नाही. आवाज आला वगैरे काही सांगणार नाही, कारण आला नाही. पण या सुईनंतर रोज कुठला प्रश्न यायचा, ते मला ठाऊक होतं. त्याचं उत्तरही जिभेवर तयार होतं. तीन महिने रोज तेच तर दिलं होतं.

मी हात पुढे केला.

"हो सर," मी म्हणालो. "थांबलात. बऱ्याचदा थांबलात."

चोच उघडली. सुई माझ्या तळहातावर पडली.

पंखा सुरू झाला.

मी वर बघितलं, तर ताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी एकच विचारलं.

"किती वेळा?"

"एकेचाळीस."

त्यांनी मान हलवली. पर्स खांद्याला लावली. दारापर्यंत गेल्या, तिथून वळल्या आणि रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणाल्या, "चला बाबा."

तेवढंच. मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तक्रार केली नाही, पुन्हा फोन केला नाही. काकांनी मात्र त्या दिवसापासून मला उंदीर म्हणणं सोडलं. नावानेच हाक मारू लागले. त्यांच्या वहीतलं शेवटचं पान मी बघितलंय. 'बेचाळीस – एकोणीस सेकंद.' पुढे काही नाही. बगळा त्यानंतर कधी थांबला नाही. स्टूलही कुरकुरलं नाही.

माझा प्रबंध मंजूर झाला. हो, त्याच डेटावर. काकांपुढे, ताईंपुढे बोललो, पण मॅडमपुढे तोंड उघडलं नाही. पहिल्या पानावर डॉक्टरांना अर्पण असं छापलंय. आता लोक मलाही डॉक्टर म्हणतात. प्रत्येक वेळी कानाला टोचतं.

नऊ वर्षं झाली याला. हे आत्ताच लिहायला घेतलं, त्याला कारण आहे.

मागच्या महिन्यात सकाळी मी चहाचा कप उचलला. एक घोट घेतला. दुसरा घेतला तर चहा गार. साय आलेली. समोर बायको उभी होती. तिच्या हातातलं फडकं तसंच हातात होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुठे काय," ती म्हणाली.

मी दुसऱ्याच दिवशी जाऊन तपासण्या करून घेतल्या. सगळ्या. रिपोर्टमध्ये काही नाही. एकदम क्लीन. पण क्लीन रिपोर्ट कसा असतो, ते मी दाखवलंय कुणालातरी.

आता मी रोज झोपण्याआधी बायकोला विचारतो. चेष्टेतच विचारतो, डोळे मिचकावून.

"आज थांबलो का गं कुठे?"

"नाही रे," ती म्हणते.

लगेच म्हणते. हसून म्हणते. माझ्याकडे न बघता म्हणते.

मीही अगदी तसंच म्हणायचो.